बिनवासाचा मानकरी

लग्नघरात सनई-चौघड्याच्या, आहेराच्या, अगदी पत्रिकेच्याही आधी येऊन बसतो तो कापडी गजरा. येतो तेव्हा त्याला गजरा म्हणावं असं काही नसतं. भुलेश्वरच्या गल्लीतून आणलेली एक फुगलेली पिशवी असते. तिच्यात पांढऱ्या सॅटिन रिबिनीचे गुंडे, पोपटी दोऱ्याचं रीळ, थर्माकोलच्या बारीक मण्यांची पुडी, पिवळ्या परागांची जुडी आणि एक ग्लू गन. ही पिशवी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा धरते आणि लग्न लागेपर्यंत सोडत नाही. घरातल्यांनी ताटं सरकवून घ्यायची. आमटीत रिबिनीचा तुकडा निघाला तर मुकाट्यानं बाजूला काढून ठेवायचा.

मी ज्या गजऱ्याबद्दल लिहिते आहे तो डोंबिवलीचा, माझ्या मावसबहिणीच्या लग्नातला. त्याचे भाऊबंद आता घरोघरी आहेत, पण चित्र काढायचं तर कुणा एकालाच समोर बसवावं लागतं.

तो कामावर कसा रुजू झाला ते आधी सांगते. मावसबहिणीनं लग्नाचा खर्च वहीत मांडला होता. कर्ज काढायचं नाही आणि बाबांच्या पीएफला हात लावायचा नाही, ही तिची अट. कार्यालय, जेवण, भटजी, फोटो असे रकाने होते. 'फुलं' या रकान्यात डेकोरेटरनं सांगितलेला आकडा तिनं पेन्सिलीनं लिहिला आणि आईला दाखवायच्या आधीच खोडला. हळदीचे फुलांचे दागिने वेगळे, नवरीचा अंबाडा वेगळा, करवल्यांच्या वेण्या वेगळ्या आणि दोन्हीकडच्या बायकांना दारात द्यायचे गजरे ते आणखी वेगळे. शिवाय लग्न डिसेंबरातलं. मोगरा मुळात उन्हाळ्याचं फूल. थंडी पडली की कळी कमी धरते, विक्रमगड-जव्हारकडून दादरच्या फुलबाजारात येणारा माल रोडावतो; आणि तुळशीचं लग्न लागून मुहूर्त सुरू होतात ते नेमके याच दिवसांत. फुलं कमी, डोकी जास्त. निसर्गाचं आणि पंचांगाचं या बाबतीत कधी पटलेलंच नाही. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी गजऱ्याचा भाव काय निघेल ते फुलवालासुद्धा आधी सांगत नाही. आणि हात राखून केलेल्या लग्नाला एकवेळ महाग परवडेल, बेभरवशाचं परवडत नाही.

"गजरे आपण घरीच करू," मावशी म्हणाली. "कापडाचे."

पहिल्या दिवशी हा काही फार देखणा नव्हता. कळ्या लसणाच्या पाकळ्यांसारख्या दिसत होत्या, आणि हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत मावशीच म्हणाली. मग तिनं खरा मोगरा आणला, चार कळ्या बशीत ठेवल्या आणि चष्मा लावून बघत बसली. मोगऱ्याची कळी सरळ गोल नसते. तिला पीळ असतो, पाकळ्या एकमेकींवर तिरक्या निजलेल्या असतात आणि शेंडा किंचित एका बाजूला कललेला असतो. ही तिरकी निज साधली की कापडाला मोगरा येतो. अर्धा इंची रिबिनीचा दोन-अडीच इंचांचा तुकडा घ्यायचा, चकाकती बाजू बाहेर. एक टोक तिरकं दुमडायचं आणि त्यावरून गुंडाळत न्यायचं, पण आवळायचं नाही. आतला शेंडा जरासा वर डोकावला पाहिजे. खालचा भाग चिमटीत धरून दोन टाके, मग पोपटी दोऱ्याचे पाच-सात वेढे, झाला देठ. मण्यावर ऑरगन्झाचा तुकडा ओढून, खाली बांधून केलेली कळी याहून सोपी. ती टपोरी दिसते, फोटोतही छान येते, पण हाताला कळते. मावशीनं ती करवल्यांच्या वाट्याला दिली. नवरीच्या गजऱ्यात सगळ्या पिळाच्याच कळ्या.

आणि बांधणी खऱ्यासारखी. बाजारातले बरेच कापडी गजरे ग्लूनं पट्टीवर चिकटवलेले असतात. ते केसांत कडक उभे राहतात, मान वळली तरी वळत नाहीत. हा मात्र गुंफलेला. दोन कळ्या इकडे तोंड करून, दोन तिकडे, देठांवरून दोऱ्याचा फास, एक ओढ, पुन्हा दोन इकडे आणि दोन तिकडे. कोकणात वळेसर करताना केळीच्या सोपाचा वाख वापरतात. तो ओलसर राहतो आणि कोवळा देठ कापत नाही. याच्या देठाला ती भीती नाही, साधा जाड दोरा चालतो. पण ओढ सैल पडली की दोन कळ्यांमधून दोरा दिसतो, आणि दोरा दिसला की सगळं सोंग उघडं. हा गजरा अंबाड्यावर लावला की केसांबरोबर वळे, हे त्याचं खरं कसब. ते कापडातलं नाही, गाठीतलं.

स्वभावानं तो विस्तवाशी बिचकून असे, आणि जन्म मात्र विस्तवाजवळचाच. सॅटिन म्हणजे धागा नव्हे, विणीची तऱ्हा. आज बाजारात मिळणारी रिबीन बहुतेक पॉलिएस्टरची. कापलेली कड ज्योतीच्या कडेनं हलकेच फिरवली तर वितळून बंद होते आणि मग धागा सुटत नाही. क्षणभर जास्त राहिली की काळी गाठ. हे मेणबत्तीचं खातं काकांकडे होतं. काका पोस्टातून रिटायर झालेले. टेबलाच्या टोकाला वर्तमानपत्र अंथरून, पंखा बंद करायला लावून, एकेक तुकडा चिमट्यात धरून ते कड फिरवत. पंखा बंद म्हणून बाकीच्या सगळ्या घामाघूम. कुणी कुरकूर केली की ते म्हणत, "वाऱ्यानं ज्योत हलली तर माल वाया जाईल." माल हा शब्द ते फार गंभीरपणे उच्चारत. पोस्टात शिक्का मारताना नसेल तेवढी त्यांची मान ताठ असे.

या मेणबत्तीनं आणखी एक काम केलं. गुलाब करायला मावशीनं कपाटातले ब्लाऊजपीस बाहेर काढले. मराठी घरातल्या ब्लाऊजपीसांचं चरित्र निराळंच लिहिता येईल. ओटीत येतात, पिशवीत जातात, पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्याच्या ओटीत पडतात. शिवले कधी जात नाहीत, पण प्रवास पुष्कळ करतात. त्यातले काही या निमित्तानं पहिल्यांदा कात्रीखाली आले. सुती रुबियाचा कोपरा ज्योतीवर धरला की पेट घेतो आणि भुरभुरीत राख होते. रेशीम आकसतं आणि केस जळल्याचा वास सोडतं. पॉलिएस्टर वितळतं आणि थेंब धरतं. "प्युअर सिल्क आहे हो" म्हणून कौतुकानं दिलेल्या एका मोरपंखी पीसचा कोपरा काकांच्या ज्योतीवर चक्क ठिबकला. कुणी दिला होता ते मावशीला ताबडतोब आठवलं. तिनं नाव घेतलं नाही, पण त्या पीसचे गुलाब वरपक्षाकडच्या करवलीला गेले.

खणाचे गुलाब झाले ते सगळ्यांत देखणे. खण म्हणजे गुळेदगुड्डचं, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं कापड. ते कर्नाटकात विणलं जातं, आणि महाराष्ट्रातल्या बायका ते पिढ्यान् पिढ्या चोळीला वापरत आल्या. त्याचे काठ एवढे नीट असतात की दुमडून पाकळी केली तर काठच पाकळीची कड होतो. ज्योत नको, टाका नको. जिथे काठ नाही तिथे कडेला पातळ फेव्हिकॉलचं बोट फिरवून वाळवायचं. खणाचे चौकोन दुहेरी-तिहेरी दुमडून टोकदार पाकळ्या करायची जी पद्धत मावसबहिणीनं यूट्यूबवर शिकली, ती जपानची निघाली. तिकडे रेशमाचे चौकोन चिमट्यानं दुमडून केसांत माळायची फुलं एदो काळापासून करतात. त्सुमामी म्हणतात त्याला. गुळेदगुड्डचं कापड, जपानी घडी आणि डोंबिवलीचा अंबाडा. गजऱ्याच्या दोन्ही टोकांना हे खणाचे गुलाब बसले आणि त्याला एकदम घरंदाजपणा आला.

त्याच्या घरंदाजपणावर शंका घेणारे पुष्कळ भेटले. "खोटा आहे ना?" हा पहिला प्रश्न. मला या प्रश्नाची गंमत वाटते, कारण मराठी लग्नात डोक्यावर जे जे बांधतात त्यातलं खरं कितीसं असतं? मुंडावळ्या मोत्यांच्या म्हणतात; ते मोती कुठल्या समुद्रातून आले ते कुणी विचारत नाही. बाशिंग तर कागदाचं, बेगडीचं आणि भेंडाचं. भेंड म्हणजे पाणथळीत उगवणाऱ्या झुडपाचा पांढरा हलका गाभा. बंगाल्यांच्या लग्नात नवरदेव जो उंच टोपर घालतो तो याच गाभ्याचा, तिकडे त्याला शोला म्हणतात. तेव्हा खऱ्या फुलाच्या जागी दुसरं काही बांधायचं, ते हौसेनं आणि मानानं बांधायचं, हे आपल्याकडे काल सुरू झालेलं नाही. हा गजरा त्याच घराण्याचा. मधल्या पिढीत त्याची एक आत्या होऊन गेली, स्टॉकिंगची फुलं. तारेच्या वळ्यावर ताणलेलं नायलॉनचं पातळ कापड, हिरव्या टेपेनं गुंडाळलेले देठ, जांभळ्या-गुलाबी पाकळ्या. दुपारच्या क्लासांत शिकलेली ही फुलं रुखवताच्या टेबलावर आणि नंतर वर्षानुवर्षं टीव्हीवर उभी असत. त्यांना फक्त बघायचं असे. हा मात्र टेबलावरून उठून थेट डोक्यावर चढला. 

वास नाही, हे त्याचं मोठं न्यून. बायका गजरा डोळ्यांनी बघत नाहीत, आधी नाकानं बघतात. हळदीच्या दिवशी एक आजी कौतुकानं नवरीच्या अंबाड्याजवळ वाकल्या, डोळे मिटून श्वास घेतला आणि डोळे उघडून तशाच मागं सरल्या. त्यांना फसवल्यासारखं वाटलं असणार. त्याची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल की अबोलीला तरी कुठे वास असतो? गोव्यात अबोलीच्या फाती डोक्यावर नाहीत असा लग्नसोहळा विरळा, आणि अबोली बिचारी नुसत्या रंगावर मान मिळवते. पण अबोलीकडून कुणी वासाची अपेक्षा करत नाही. हा मोगऱ्याचं रूप घेऊन येतो, म्हणून त्याच्यावर ती जबाबदारी पडते. मावशीनं त्यावर तोड काढली. मोगऱ्याच्या अत्तराचा फाया गजऱ्याच्या मागं, केसांच्या बाजूला, दोन गाठींमध्ये खोचून ठेवला. अत्तर थेट कळीवर नाही लावायचं, तेलाचा पिवळा डाग पडतो आणि सॅटिनवर तो लपत नाही. फाया खोचल्यावर मात्र त्या आजी मुद्दाम पुन्हा आल्या आणि "आता कसं!" म्हणाल्या.

हळदीतच त्याच्यावर मोठं गंडांतर आलं. हळद लावताना कुणाचा तरी हात डोक्यावरून फिरला आणि तीन-चार कळ्या पिवळ्याजर्द. कुणी तरी धावत जाऊन साबण आणला आणि चोळला. पिवळं होतं ते लालबुंद झालं. पोरी किंचाळल्या. हळदीला चुना किंवा सोडा, साबण असं काही क्षाराचं लागलं की ती लाल होते. घरोघरी कुंकू याच युक्तीनं करत असत. म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी गजऱ्यानं स्वतःच कुंकू लावून घेतलं होतं. मावशी शांत. साबण पाण्यानं पूर्ण काढला, वर लिंबाचं पाणी फिरवलं, लाल पुन्हा पिवळ्यावर आलं. आणि मग गजरा गॅलरीत दोरीवर, भर उन्हात. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. दुपार कलेपर्यंत नुसती फिकट साय उरली, आणि ती कळी उमलायला आल्यावर जशी पडते तशीच होती. मावसबहीण म्हणाली, "राहू दे, आता जास्त खरा वाटतो."

लग्नाच्या दिवशी पहाटे पाच वाजता त्याला अंबाड्यावर बसवलं. पार्लरची बाई नवीन होती, तिच्या हाताला खऱ्या गजऱ्याची सवय. तो ओला असतो, जड असतो, दोन यू-पिनांत बसतो. हा हलका, त्यामुळे घसरतो. कापडी गजऱ्याला पिना जास्त लागतात, आणि त्या कळीतून नाही, गाठीच्या मागून, अंबाड्याच्या जाळीत तिरक्या घालाव्या लागतात. दोनदा पडल्यावर मावशीनं पदर खोचला आणि स्वतः लावला. फोटोवाला दारात उभा, भटजींचे फोन चालू, आणि ही बाई तोंडात चार पिना धरून बोलते आहे; काय बोलते ते कुणालाच कळत नव्हतं, पण सगळे हो म्हणत होते.

कार्यालयात त्याचा पंक्तिप्रपंच ठरलेला होता. देवक, पूजा, गौरीहर, तिथे खरी फुलं. अंतरपाट दूर झाल्यावर एकमेकांच्या गळ्यात घालायचे हार, तेही खरे. यावर मावशी ठाम होती. "देवाला वाहायचं आणि नवऱ्याला घालायचं ते खरं. आपण ल्यायचं ते कसलंही असेना." मला हा न्याय पटला. सगळंच कापडाचं करून टाकण्यात जो हट्ट आहे तो काटकसरीचा नाही, दिखाव्याचाच दुसरा प्रकार आहे. या घरानं जिथे दोन हारांचे पैसे घालायचे तिथे घातले, आणि दारातल्या ताटात गुलाबपाण्याशेजारी कापडी गजरे मांडले. तिथे मात्र गंमत झाली. खरे गजरे असते तर बायकांनी एकेक उचलला असता. हे टिकणारे, म्हणून एकीनं स्वतःला घेतला, एक सुनेला, एक "घरी आजारी आहेत ना, त्यांना". ताट लवकरच रिकामं झालं. वहीतल्या हिशेबात ही हाव धरलेली नव्हती.

लाजाहोमाच्या वेळी मला त्याची खरी काळजी लागली. नवरी होमाशी वाकून लाह्या घालते, तेव्हा अंबाडा ज्वाळेच्या समोर येतो. खरं फूल आचेनं कोमेजेल एवढंच. पॉलिएस्टर वितळून केसांना चिकटतं. काका पहिल्या रांगेतून उठून मांडवाच्या खांबापाशी उभे राहिले होते. भटजींना वाटलं, त्यांना अक्षता हव्यात. काकांची नजर गजऱ्यावर होती. ज्योतीचं अंतर त्यांच्याइतकं त्या मांडवात कुणाला कळत नव्हतं. काही झालं नाही. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी बाकीच्या बायकांच्या डोक्यावरचे विकतचे गजरे तपकिरी होऊन लोंबत होते, आणि हा सकाळी पाचला जसा होता तसाच. थोडं वेडावणारंच दिसत होतं ते. दिवसभर रडून, हसून, उभं राहून थकलेल्या चेहऱ्यामागं इतकं टवटवीत काही असू नये असं मला वाटून गेलं. खऱ्या गजऱ्याला दिवस संपल्याचं कळतं. याला ते कधी कळत नाही.

आता त्याच्या किमतीचं. सगळे म्हणाले, "वाचवलेत की हो पैसे!" वाचले, यात शंका नाही. रिबीन, दोरा, मणी, पराग, ग्लूच्या कांड्या मिळून डेकोरेटरच्या आकड्यापुढे काहीच नव्हते. पण तो स्वस्त होता हे मी मान्य करत नाही. तो रोख मागत नाही एवढंच. बाकी सगळं मागतो. दिवाळीपासूनच्या संध्याकाळी त्यानं खाल्ल्या. शेजारच्या काकूंच्या, वहिनीच्या, दहावीच्या पोरीच्या, जिला "अभ्यास कर" म्हणायचं आणि "जरा या कळ्यांना दोरा गुंडाळ" असंही म्हणायचं. मावशीच्या उजव्या अंगठ्याला ग्लूचा चटका बसला त्याचा फोड हळदीपर्यंत होता. चहा, फरसाण, रात्रीची दिव्याची वीज. 'घरच्या घरी करा आणि वाचवा' असं सांगणारे हा रकाना कधी मांडत नाहीत, कारण तो बायकांच्या हातांचा असतो आणि तो फुकट धरायची आपल्याला पिढ्यांची सवय आहे. त्या संध्याकाळी गप्पा होत, होणाऱ्या सासूबाईंच्या स्वभावावर सविस्तर चर्चा होत, नवरीच्या मनातलं एरवी न निघणारं बरंच काही कळ्या वळता वळता निघालं, हे सगळं खरं. तरीही ते काम होतं.

कमी खर्चाचं लग्न म्हटलं की मला नेहमी पुण्यातलं १८७३ चं एक लग्न आठवतं. त्या वर्षी २४ सप्टेंबरला महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि २५ डिसेंबरला त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. सावित्रीबाई त्यात पुढे होत्या. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च जवळपास पानसुपारीचा. तिथे काटकसर हा नाइलाज नव्हता, भूमिका होती. आमच्या मावसबहिणीचं लग्न तेवढं पुढे गेलेलं नव्हतं, भटजी होते आणि जेवणात दोन गोडं होती. पण कर्ज काढायचं नाही हे तिनं ज्या ताठपणे सांगितलं, त्या ताठपणाचं कूळ तिथवर जातं असं मी मानते.

एक गोष्ट त्याच्या विरुद्धही लिहिली पाहिजे. फूल उत्पादक शेतकरी प्लास्टिकच्या फुलांवर बंदी घाला म्हणून गेली काही वर्षं सरकारदरबारी खेटे घालताहेत, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. आयात केलेल्या कृत्रिम माळांनी देवळांच्या कमानी आणि कार्यालयांचे मांडव भरले, की झेंडू आणि शेवंती बाजारात पडून राहते. आमचा गजराही सॅटिनचा, म्हणजे पॉलिएस्टरचा, म्हणजे शेवटी प्लास्टिकच्याच गोत्रातला. खणाच्या गुलाबांनी ते गोत्र बदलत नाही. फरक एवढाच की कमानीवरची माळ लग्नानंतर कचऱ्यात जाते, आणि हा टाकायचं कुणाच्या मनात येत नाही. पुढच्या वेळी सुती वॉयलचे करून बघायचे असं मावशी म्हणते. त्याला ज्योत चालणार नाही, प्रत्येक कड दुमडून शिवावी लागेल. म्हणजे आणखी संध्याकाळी. काका बेकार होतील ते निराळंच.

लग्न झालं तरी हा रिटायर झाला नाही. नवरी सासरी गेली आणि हा माहेरीच राहिला, एका बिस्किटांच्या डब्यात, मऊ कागदात. डबा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मात्र एकदा राहिला होता, तेव्हा गुलाबांचा ग्लू सैल पडून दोन पाकळ्या निसटल्या; मग त्याही शिवूनच टाकल्या. चैत्रात हळदीकुंकवाला तो वहिनीच्या डोक्यावर होता. भाद्रपदात गौरींना माळला. ल्यायचा म्हणून चालला, वाहायला शेवंती होतीच. शाळेच्या गॅदरिंगला एका कोळीनृत्यात गेला आणि येताना सोबत दुसऱ्याच कुणाची तरी पिन घेऊन आला. मागायला येणाऱ्यांना मावशी नाही म्हणत नाही, पण डबा उघडून दाखवते, कळ्या मोजून देते आणि मोजून घेते.

परवा चौथ्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्यांच्या मुलीचं वैशाखात ठरलंय. गजरा हातात घेऊन उलटसुलट बघितला, गाठी बघितल्या, बोटानं कळी दाबून बघितली.

"आम्हाला असे दहा करून द्याल? काय घ्याल?"

मी मनात म्हटलं, आता मावशी "छे हो, पैसे कसले" म्हणणार. सगळ्या बायका म्हणतात तेच.

"वितीला दीडशे," मावशी म्हणाली. "रिबीन तुमची."

बाई हबकल्या. "अहो, बाजारात अख्खा गजरा याच्या निम्म्यात मिळतो!"

"मग तिथून आणा की," मावशी डब्याचं झाकण लावत म्हणाली. "लावून मी देईन. त्याचे काही घेत नाही."